प्लास्टिक अंगी लागावं म्हणून: नवशिक्या पुरुषांसाठी प्राथमिक मार्गदर्शक

सर्वप्रथम अभिनंदन. अर्ज केला नाही, फी भरली नाही, कुठं सही केली नाही, तरी तुमचा प्रवेश पक्का झालेला आहे. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी संस्था तिथल्या लोकांच्या लघवीचे नमुने वर्षानुवर्षं तपासते आणि थॅलेट नावाच्या रसायनांचा मागमूस तिला जवळजवळ प्रत्येकात सापडतो. आपल्याकडे देशपातळीवर असं नियमित मोजमाप होत नाही. म्हणून आपण मागं पडलो असं वाटून घेऊ नका. निकाल लागलेला नाही, इतकंच.

हे मार्गदर्शक लग्नाळू, नवविवाहित आणि प्रत्येक बारशाला ‘तुमचं कधी?’ या प्रश्नाला तोंड देणाऱ्या पुरुषांसाठी आहे. बायकांनी वाचायला हरकत नाही. यातला सर्वांत महत्त्वाचा धडा त्यांच्याशिवाय होतच नाही.

साहित्य

पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक. संडासाचा पाइप आठवा. त्यात थॅलेट हे तेलकट द्रव्य कालवलं की तेच पीव्हीसी रेनकोट होतं, सोफ्याचं रेक्झिन होतं, बागेतली होज, वायरीवरचं वेष्टन, सलाइनची नळी होतं. मऊ करणाऱ्या अशा द्रव्याला धंद्यात प्लास्टिसायझर म्हणतात. 1926 मध्ये अमेरिकेत गुडरिच कंपनीतला वाल्डो सेमन हा रसायनज्ञ रबर आणि धातू जोडणारा गोंद शोधत होता. गोंद राहिला बाजूला, हाती आलं लवचीक पीव्हीसी. त्याच्याही आधी सेल्युलॉइड मऊ करायला चक्क कापूर घालत. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली ज्या फिल्मवर उमटला ती कापूर घातलेलीच. थोडक्यात, या घराण्याचा मूळपुरुष आपल्या देवघरातला. आरतीला जळून जाण्यापलीकडे त्यानं कोणाच्या संसारात फारसं लक्ष घातलं नाही.

हल्लीच्या पिढीतली तीन नावं पाठ करा. डीईएचपी, हा पीव्हीसीतला थोरला. डीबीपी, नेलपॉलिश, गोंद आणि काही गोळ्यांच्या आवरणांत. डीईपी, सुगंधाच्या धंद्यात.

प्रात्यक्षिक

तुमच्या कामाचा यांचा गुण एकच. ही द्रव्यं प्लास्टिकला रासायनिक बंधानं जोडलेली नसतात. रेणूंच्या लांब साखळ्यांमध्ये नुसती शिरून बसलेली असतात आणि वाट मिळाली की बाहेर पडतात. विश्वास बसत नसेल तर घरातल्या मुलाची जुनी कंपासपेटी उघडा. पांढरं खोडरबर बहुतेकदा रबर नसतंच, मऊ पीव्हीसी असतं. ते उन्हाळ्याची सुट्टीभर प्लास्टिकच्या पट्टीला टेकून पडलं असेल तर दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेली सापडतील. ओढून वेगळी करा. पट्टीवर खोडरबराच्या कडेचा खळगा पडलेला, सात आणि आठ सेंटीमीटरच्या रेघा विरघळलेल्या, बोट लावलं तर चिकट. खोडरबरातलं तेल पट्टीत उतरलं आणि पट्टी मऊ पडली.

दुसरं प्रात्यक्षिक कागदपत्रांच्या कपाटात आहे. जुन्या मऊ प्लास्टिकच्या फोल्डरमधला सातबाऱ्याचा झेरॉक्स बाहेर काढा. गट क्रमांक निम्मा कागदावर, निम्मा प्लास्टिकवर. तलाठ्याला दोष देऊ नका, हे प्लास्टिसायझरचं काम आहे.

आता पट्टीच्या जागी तूप, साय, तेलाचा तवंग यांची कल्पना करा. डीईएचपीचं पाण्याशी फारसं जमत नाही, स्निग्धाशी गोत्र जुळतं, आणि पदार्थ गरम असेल तर बोलणी लवकर पुरी होतात.

स्वयंपाकघर

नवशिके सगळ्यात जास्त चुका इथं करतात. वर्तमानपत्रातला एखादा लेख वाचून भल्या पहाटे उठतात आणि पाण्याच्या बाटल्या फेकून देतात. पाण्याची पेट बाटली या अभ्यासक्रमात जवळपास निरुपयोगी आहे. तिला मऊ करायला प्लास्टिसायझर घालावाच लागत नाही. दुधाची पिशवीही पॉलिथिनची, जन्मजात मऊ. डब्यावर ‘बीपीए-फ्री’ लिहिलेलं असणं ही तर निव्वळ दिशाभूल. बीपीए हे वेगळं रसायन, त्याची अनुपस्थिती थॅलेटबद्दल काहीच सांगत नाही. प्लास्टिक दिसलं की अंगावर धावून जाणाऱ्याच्या हातून खरा माल निसटतो तो असा.

खरा माल काचेच्या बरणीवर बसलेला असू शकतो. लोणच्याची किंवा तेलातल्या सॉसची विकतची बरणी घ्या. हिच्यासाठी आपण दोन पैसे जास्त मोजलेले असतात, कारण काच निर्मळ. पत्र्याचं झाकण उलटं करा. आतल्या कडेनं एक मऊ कडं फिरवलेलं दिसेल. नखानं दाबा, नख उमटतं. झाकण हवाबंद बसावं म्हणून केलेलं हे कडं बहुधा पीव्हीसीचं असतं, आणि पीव्हीसी एवढं मऊ आपोआप होत नाही. युरोपातल्या अन्नतपासनिसांना अशा कड्यांतून प्लास्टिसायझर तेलात उतरलेले वारंवार सापडले आहेत. प्रत्येक वेळी थॅलेटच असतो असं नाही, सोयाबीनच्या तेलापासून केलेला पर्यायही वापरतात. पण कोणता घातला आहे हे झाकणावर लिहिलेलं नसतं, तेव्हा सरावासाठी बरणी आडवी ठेवायला काय हरकत आहे?

परदेशी शिक्षणाची आवड असणाऱ्यांनी जपानचा पाठ गिरवावा. तिथं तयार मिळणाऱ्या जेवणाच्या डब्यांत, म्हणजे बेंतोत, डीईएचपी भरपूर सापडू लागलं. डब्यांची चौकशी झाली, भाताची झाली, माशांची झाली. कारण निघालं स्वयंपाक्यांच्या हातमोज्यांत. हातमोजे मऊ पीव्हीसीचे, आणि स्वच्छतेच्या हौसेपायी त्यांच्यावर अल्कोहोलचा फवारा मारला जाई. अल्कोहोलनं थॅलेट सुटं होऊन थेट जेवणात. 2000 साली जपानच्या आरोग्य मंत्रालयानं असे हातमोजे अन्नाला लावू नका असं सांगितलं. एकही माणूस निष्काळजी नव्हता, हे या पाठाचं सौंदर्य.

पण या विषयातला सुवर्णपदकाचा मान सिअ‍ॅटलकडे जातो. तिथल्या शीला सत्यनारायण या बालरोगतज्ज्ञांनी दहा कुटुंबं घेतली. काहींना थॅलेट कसे टाळावेत याचं छापील पत्रक दिलं. बाकीच्यांना पाच दिवस आयतं जेवण पुरवलं: ताजं, स्थानिक, सेंद्रिय, आणि शिजवताना, साठवताना प्लास्टिकचा स्पर्श नाही. पाच दिवसांनी लघवी तपासली. पत्रकवाल्यांमध्ये फरक शून्य. सात्त्विक जेवणवाल्यांच्या लघवीत डीईएचपीचे अवशेष सुमारे पंचवीसपट वाढलेले! मग जेवणातला एकेक जिन्नस प्रयोगशाळेत गेला. दूध, लोणी, चीज यांत डीईएचपी होतं, दालचिनीत होतं, आणि धणेपुडीत दर ग्रॅमला 21,400 नॅनोग्रॅम. हा शोधनिबंध 2013 चा. आपण जो जिन्नस कशालाही डोळे झाकून चमचाभर टाकतो, त्यानं अख्खा प्रयोग उलटा पाडला. दळणयंत्र, नळी, पट्टा, पोतं, कुठल्या टप्प्यावर द्रव्य शिरतं हे पाकिटावर छापण्याची सक्ती कोणावरही नाही, आणि जीभ ते सांगत नाही.

उलट निकालही आहे, तो लपवणं बरं नाही. 2011 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पाच कुटुंबांना तीन दिवस ताजं, पाकीटबंद नसलेलं अन्न दिलं तेव्हा डीईएचपीचे अवशेष निम्म्याहून खाली आले. म्हणजे पथ्य पाळून यश येतं किंवा पंचवीसपट अपयश येतं. कोणतं येणार, हे मसाला दळणाऱ्याच्या हातात.

घाई असलेल्यांसाठी तैवानचा अतिजलद वर्ग होता, तो आता बंद पडला. तिथं सरबतं आणि क्रीडापेयं दाट, एकजीव दिसावीत म्हणून पामतेल आणि गोंद घातलेलं एक मिश्रण वापरत. पुरवठादारांनी पैसे वाचवायला पामतेलाच्या जागी डीईएचपीच घातलं. 2011 मध्ये सरकारी प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ बाई पोटाच्या जिवाणूंची पूड तपासत होत्या. शोधत होत्या भलतंच, आणि आलेखात एक अनोळखी टोक वर आलं. त्यांनी ते सोडलं असतं तर कोणी विचारलं नसतं.

देवघर, कपाट, दवाखाना

अगरबत्तीच्या धंद्यात डीईपी हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. कोऱ्या काड्या ज्या सुगंधात बुडवतात तो पातळ करायला आणि त्याचा वास टिकवायला ते वापरतात. स्वस्त अत्तराची बाटलीही यानंच भरते. डिओच्या डब्यावर मात्र शोधू नका. तिथं ‘सुगंध’ एवढंच छापलेलं असतं आणि त्या एका शब्दाच्या पोटात बरंच काही मावतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर या घराण्यात डीईपी सौम्य. उंदरांच्या प्रयोगांत त्यानं थोरल्यासारखा गोंधळ घातला नाही.

दवाखान्याबद्दल थट्टा बाजूला ठेवून सांगतो. रक्ताच्या पिशवीच्या वजनात 30 ते 40 टक्के डीईएचपी असू शकतं आणि ते रक्तात उतरतं, हे जेगर आणि रुबिन या शास्त्रज्ञांनी 1970 च्या सुमारासच दाखवलं. गंमत अशी की त्याच डीईएचपीमुळे तांबड्या पेशी जास्त दिवस टिकतात. म्हणून रक्त किंवा सलाइन लागत असेल तर निमूट घ्या. काही गोळ्या पोटात न विरघळता आतड्यात विरघळाव्यात म्हणून त्यांच्या आवरणात डीबीपी असे. बॉस्टनमधल्या वंध्यत्वाच्या एका अभ्यासात एका पुरुषाच्या लघवीत डीबीपीचे अवशेष भलतेच निघाले, आणि मूळ आतड्याच्या सुजेवरच्या त्याच्या रोजच्या औषधात सापडलं. तरी डॉक्टरांना न विचारता गोळी थांबवणं हा या मार्गदर्शकाचा भाग नाही.

रियाज

एक अडचण आहे. थॅलेट शरीरात साठून राहत नाहीत. बराचसा भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो. म्हणून रोजचा रियाज हवा, एक दिवसही खंड नको. काळजी नसावी, खंड पडत नाही.

तुम्ही आधीच दिलेला पेपर

वर एका धड्याचा उल्लेख केला तो हा. तो तुम्ही जन्माआधीच पुरा केलेला आहे.

गर्भ साधारण 8 ते 14 आठवड्यांचा असताना मुलाच्या इवल्याशा वृषणातल्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करू लागतात. त्या संप्रेरकाच्या हुकमावर पुढचं सगळं बांधकाम चालतं. लिंग आकार घेतं, मूत्रमार्ग टोकापर्यंत पोचतो, पुढं वृषण खाली उतरायची तयारी होते. हुकूम ऐन वेळी क्षीण झाला तर बांधकाम त्या मापानं होतं आणि मागाहून दुरुस्ती नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतल्या अर्ल ग्रे यांच्या गटानं 2000 साली गाभण उंदरांना वेगवेगळे थॅलेट दिले. डीईएचपी दिलेल्यांच्या नर पिल्लांत वृषण न उतरणं, मूत्रमार्गाचं छिद्र भलत्या जागी असणं, नराला मादीसारखी स्तनाग्रं राहणं असे प्रकार दिसले. आणखी एक खूण होती. गुदद्वार आणि जननेंद्रिय यांमधलं अंतर कमी. हे अंतर नरांत मादीच्या सुमारे दुप्पट असतं, आणि गर्भात टेस्टोस्टेरॉन किती पोचलं याची ती मोजपट्टी मानतात.

माणसांत काय? शॅना स्वान या संशोधिकेनं 2005 मध्ये 85 लहान मुलग्यांचं हे अंतर मोजलं आणि गरोदरपणी त्यांच्या आयांच्या लघवीत थॅलेटचे अवशेष किती होते ते ताडून पाहिलं. आईकडे काही अवशेष जास्त, तर मुलाचं अंतर कमी. पुढं 2011 मध्ये रॉचेस्टर इथल्या तरुणांत याच गटानं पाहिलं: ज्यांचं अंतर मध्याच्या, म्हणजे 52 मिलिमीटरच्या खाली, त्यांच्यात शुक्राणूंचं प्रमाण कमी असण्याची शक्यता सातपट. घरी मोजू नका. कंपासपेटीतली पट्टी चालत नाही, कॅलिपर लागतो आणि दुसरा माणूसही.

या अभ्यासक्रमाचा खरा ढाचा इथं उघड होतो. विद्यार्थी तो मुलगा. शिकवणी झाली आईच्या ताटातून, तिच्या नेलपॉलिशमधून, तिच्या कामाच्या जागेतून. त्या आठवड्यांत बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. आणि या सगळ्याचा उल्लेख पुरुषांच्या मासिकांत येतो तो मात्र ‘घट्ट चड्डी टाळा’ या सदरात.

शंका-समाधान

सोसायटीतले काका म्हणतील, ‘आमच्या वेळीही रेनकोट होते, आम्हाला चार झाली.’ झाली असतील. मूल व्हायला लागणारे शुक्राणू आणि माणसाकडे असू शकणारे शुक्राणू यांत मोठी जागा असते. सरासरी घसरत राहते आणि काकांच्या घरी पाळणा हलतच राहतो. डेन्मार्कच्या एलिसाबेथ कार्लसन आणि नील्स स्काकेबेक यांच्या गटानं 1992 मध्ये 61 शोधनिबंध एकत्र करून सांगितलं की 1940 ते 1990 दरम्यान शुक्राणूंची सरासरी दर मिलिलिटरला 11.3 कोटींवरून 6.6 कोटींवर आली. गदारोळ झाला, जुन्या मोजणीच्या पद्धतींवर शंका घेतल्या गेल्या. 2017 मध्ये जेरुसलेमचे हागाय लेव्हीन आणि स्वान यांनी 185 अभ्यास अधिक काटेकोरपणे चाळले. पाश्चात्त्य पुरुषांत 1973 ते 2011 मध्ये 52.4 टक्के घट. वाद अजून मिटलेला नाही.

यातला थॅलेटचा वाटा किती? इथं कोणी छातीठोक आकडा सांगितला तर तो विकायला काहीतरी घेऊन आलेला आहे असं समजा. वाढतं पोट, तंबाखू, कीटकनाशकं, उष्णता, सगळे संशयित एकाच खोलीत आहेत. शिवाय 2012 मध्ये एडिंबरो आणि अमेरिका इथल्या दोन गटांनी मानवी गर्भाच्या वृषणाच्या ऊती उंदरांत रोपून थॅलेट दिले, तेव्हा टेस्टोस्टेरॉन उंदरांच्या स्वतःच्या गर्भात पडतं तसं पडलं नाही. म्हणजे उंदराचा निकाल माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. दुसऱ्या बाजूला, चीनमध्ये पीव्हीसी फरशीच्या कारखान्यातल्या कामगारांत मुक्त टेस्टोस्टेरॉन कमी आढळलं. बॉस्टनमध्ये रस हाउजर यांच्या गटाला थॅलेटचे अवशेष आणि शुक्राणूंची संख्या, हालचाल, डीएनएची मोडतोड यांत संबंध दिसले. मला विचाराल तर प्रौढ पुरुषाबाबतचा पुरावा बरा आहे, गर्भाबाबतचा जास्त गंभीर आहे, आणि दोन्हींचा शेवटचा निकाल लागण्याची वाट बघत धणेपूड तशीच ठेवणं हा शहाणपणा नाही.

काढून टाकणं अशक्य असतं तर गोष्ट वेगळी. युरोपनं मुलांच्या तोंडात जाणाऱ्या खेळण्यांतून डीईएचपीसारखे काही थॅलेट 1999 मध्ये तात्पुरते आणि 2005 मध्ये कायमचे हटवले, अमेरिकेनं 2008 मध्ये. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. तेव्हा जत्रेतलं चूंचूं वाजणारं बिनचिन्हाचं बदक हा आता दुर्मिळ अभ्याससाहित्याचा भाग मानावा. सावध मात्र राहा. एक थॅलेट काढला की त्याचा चुलतभाऊ त्याच खुर्चीत बसतो. डीईएचपीच्या जागी आलेल्या डीआयएनपीचं वागणं ग्रे यांच्या उंदरांत सौम्य पण त्याच वळणाचं निघालं होतं.

परीक्षा

परीक्षेला वीर्यतपासणी म्हणतात. परंपरेनुसार ती सर्वांत शेवटी द्यायची. आधी पत्नीची सोनोग्राफी, पत्नीच्या हॉर्मोनच्या तपासण्या, पत्नीच्या गर्भनलिकांचा एक्स-रे, पत्नीचे सोळा सोमवार, आणि मग सासूबाईंच्या ओळखीच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा पत्नी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्यांच्या आसपास पुरुषाकडचंही कारण असतं, आणि ही तपासणी सगळ्यांत स्वस्त, बिनटोचणीची असते, या क्षुल्लक बाबींमुळे क्रम बदलू नये.

तरी कोणी फारच आग्रह केला तर सूचना अशा. आधी 2 ते 7 दिवस संयम. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा दर मिलिलिटरला 1.6 कोटी आणि एकूण 3.9 कोटी दिली आहे. त्याखाली गेलात म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, वर असलात म्हणून होईलच असंही नाही. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, तेव्हा आज सोडलेल्या सवयीचा निकाल पुढच्या आठवड्यात मागू नये, आणि एका अहवालावर न थांबता तपासणी पुन्हा करावी. नमुना घरून नेणार असाल तर उबेला धरून तासाभराच्या आत पोचवा.

डबी प्रयोगशाळेनं दिलेलीच वापरा, स्वयंपाकघरातली नको. प्रयोगशाळेची डबीही बहुधा प्लास्टिकचीच असते. पण ती शुक्राणूंना अपाय करत नाही याची आधी खात्री करून घेतलेल्या खेपेतलीच असावी, असं त्याच पुस्तिकेत लिहून ठेवलेलं आहे.